चौतीस इंचाचं दार

जळगाव,
२१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अभिमनभाऊस,

धाकट्या कोकिळेचा नमस्कार, नेहमीप्रमाणे बसल्या जागेवरून. तुझी साखर आटोक्यात असेल, कपाशीला बोंडं धरली असतील आणि ताईबाई वहिनी तुला चहात साखर घालू देत नसेल, असं समजते. इकडे सगळं ठीक आहे. खुर्चीचं डावं चाक कुरकुरत होतं, त्याला तेल दिलं. आता फक्त माझे खांदे कुरकुरतात.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र.

बातमी अशी, की मी जहाजात बसणार आहे. खरंखुरं, मजल्यांवर मजले असलेलं जहाज. मुंबईहून निघतं, गोव्याला जातं आणि परत आणून सोडतं. बरोबर जमीला आहे. भुसावळच्या टेलिफोन ऑफिसात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून जन्मभर दुसऱ्यांना गावोगावचे नंबर जोडून दिले. स्वतः कुठे गेलो नाही. रिटायर झाल्यावर तीच एक दिवस म्हणाली, "कोकिळा, लोगों को बहुत जोड दिया. अब अपन चलते." मी लगेच हो म्हटलं. तिचे मियाँ रहीमभाई म्हणाले, तुम्ही दोघी जहाजच उलटं कराल. पण बॅगेचं कुलूप त्यांनीच आणून दिलं.

जहाज नोव्हेंबरात आहे. आदल्या दिवशीच मुंबईत पोचायचं ठरवलंय. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि खुर्चीतून गाडीत, गाडीतून टॅक्सीत, टॅक्सीतून जहाजात हे सगळं मला एका दमात होत नाही. एक रात्र पाठ टेकली की सकाळी माझी खुर्ची मीच ढकलते.

त्या एका रात्रीच्या खोलीसाठी मी किती फोन केले, विचारू नकोस. "दाराशी पायरी आहे का?" असं विचारलं की एक म्हणतो, "नाही मॅडम, फक्त दोन आहेत." दुसरा म्हणतो, लिफ्ट आहे. लिफ्टपर्यंत जायला काय आहे म्हटलं, तर जिना. तिसऱ्याने विचारलं, तुमच्याबरोबर उचलायला माणूस नाही का? त्याला मी म्हटलं, माणूस आहे, ती मीच आहे. शेवटी बंदराजवळ एक हॉटेल सापडलं. दाराशी उतार आहे, न्हाणीघर ऐसपैस आहे आणि खिडकीतून समुद्र दिसतो. तशी खोली त्यांच्याकडे एकच. तुझ्या नवलला ऑनलाइनचं कळतं, म्हणून बुकिंग त्याच्याच मोबाइलवरून करून घेतलं.

आता तू भडकशील. मुंबईत सख्खा भाचा असताना आत्या हॉटेलात उतरते, ही बातमी तुमच्या सोनगीरच्या बसस्टँडपर्यंत जाईल. जाऊ दे. नवलचं घर डोंबिवलीला, बंदरापासून लांब पडतं. एवढंच कारण आहे, दुसरं काही मनात आणू नकोस.

भाऊबीजेला यायचं यंदाही जमेलसं वाटत नाही. प्रवासाआधी दगदग नको.

वहिनीला नमस्कार. तू रागावला असशील तरी जेवून घे.

तुझी,
कोकिळा

*

जळगाव,
१२ ऑक्टोबर २०२५

भाऊ,

आज नमस्कार नाही. आधी भांडण.

काल हॉटेलात फोन केला, दोन पलंग वेगळे मिळतील का ते विचारायला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरच्यांनी खोली रद्द केली. तुम्ही नातेवाइकांकडे उतरणार आहात ना?" आणि ती खोली त्यांनी दुसऱ्याला देऊनही टाकली. मी नवलला फोन लावला. तो बिचारा चाचरत म्हणाला, "आत्या, आबांनी सांगितलं म्हणून केलं."

मग तुला लावला. तू काय म्हणालास, ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे वहिनीलाही वाचता येईल. "घर असताना हॉटेलमा कसाले उतरनं? लोके काय म्हणतीन? मी तुले खांदवर बसाडीसन शाळामा लई गऊ, आते तू माले शिकाडस का?" आणि फोन ठेवलास.

खोली माझ्या नावावर होती, भाऊ. जायची मी होते, झोपायची मी होते. मला एका शब्दानं न विचारता तू ती मोडलीस. मला माहीत आहे, तू ती प्रेमानं मोडलीस. म्हणून तर जास्त संताप येतोय. वैऱ्यानं केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आता ऐक. गेल्या पत्रात लिहिलं की नवलचं घर लांब पडतं. ते खोटं होतं.

गेल्या वर्षी त्याच्या वास्तुशांतीला आले होते, आठवतं? बिल्डिंगला लिफ्ट नाही. नवलच्या मित्रांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेलं. खुर्ची तिरपी होत होती, मी कठड्याला धरत होते, आणि खालून तू ओरडत होतास, "संभाळा रे, मनी बहीन शे!" प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक बघत होते. तेही मी हसून सोसलं. तू एवढा खुशीत होतास की माझ्यानं काही बोलवलं नाही.

पण मागून माझी चाकाची खुर्ची वर आल्यावर मी पाहिलं, न्हाणीघराचं दार माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद. पूर्वी पायाला कॅलिपरच्या पट्ट्या बांधून कुबड्यांवर चालत होते तेव्हा आडवी होऊन कुठूनही शिरायचे. खांदे गेल्यापासून तसं होत नाही. हे तुला सांगायला हवं होतं, पण हॉलमध्ये पाहुणे, गुरुजी, तुझ्या सुनेचं, मोहिनीचं, सगळं माहेर. एवढ्या लोकांत मोठ्यानं काय सांगू? म्हणून मी पाणी प्यायचं बंद केलं. मुक्काम होता तोवर घशाखाली घोट जाऊ दिला नाही. सरबताचे पेले मी शेजारणीच्या पोरांना देत होते आणि सगळे म्हणत होते, आत्या किती प्रेमळ.

तरी एकदा जावंच लागलं. पंगत बसली होती. मी खुर्चीवरून खाली उतरले आणि फरशीवरून सरकत गेले. मोहिनीच्या आईनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी तापानं फणफणले, दवाखान्यात सलाईन लागलं. तुला सांगितलं, ऊन लागलं. ऊन नव्हतं लागलं. लघवी अडवून धरल्याचं दुखणं होतं ते. आता तुला वाचताना लाज वाटत असेल, तर मला तेव्हा किती वाटली असेल ते बघ. पण आता ती संपली. माझ्या वाट्याची लाज मी त्या फरशीवरच टाकून आले.

आणि नवलला दोष देऊ नकोस. सोनगीरच्या घराचं काय? अंगणातलं न्हाणीघर, त्याचा तो उंच उंबरा आणि ते दार, ज्यातून तूही पोट आत घेऊन शिरतोस. दरवर्षी तुला कारणं देते. कधी बस मिळाली नाही, कधी पाठ धरली, कधी प्रवासाची दगदग. भाऊ, भाऊबीजेला मी का येत नाही, ते एकदा तरी नीट विचारायचं होतंस.

तू मला खांद्यावरून शाळेत नेलंस, ते मी विसरलेले नाही. एकदा किल्ल्यावरही नेलं होतंस. पण तेव्हा मी तुझा सदरा ओढून म्हटलं होतं, "भाऊ, माले वर लई जास का?" मी म्हटलं, म्हणून तू नेलंस. उचलण्याला माझी ना नाही. गाडीच्या डब्यात चढायला आजही मला उचलावंच लागतं. तिथे मी हमालाला सांगते, इथे धर, इथे धरू नको, आणि तो तसं करतो. त्याला मला विचारावंसं वाटतं. तुला का वाटत नाही?

मी जाणार आहे. जमीलानं आणि मी आज दिवसभर फोन फिरवले. दुसरं हॉटेल मिळालं. खिडकीतून समुद्र दिसत नाही, शेजारच्या गोदामाची भिंत दिसते. तो समुद्र तू घालवलास, हे लक्षात ठेव. पण तिथल्या मिसबाह नावाच्या मुलीनं व्हिडिओ कॉलवर टेप लावून न्हाणीघराचं दार मोजून दाखवलं. चौतीस इंच. जमीलानं त्या दाराला फोनवरूनच सलाम केला.

या वेळी बुकिंग माझ्या मोबाइलवरून आहे. हॉटेलवाल्यांना सांगून ठेवलंय, माझा आवाज ऐकल्याशिवाय काही रद्द करायचं नाही. साक्षात माझा भाऊ आला तरी.

कोकिळा

*

मुंबई,
९ नोव्हेंबर २०२५, सकाळी

तीर्थरूप भाऊस,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही. फोनही नाही. वहिनी म्हणाली, पत्र वाचून तू ओट्यावर बसून राहिलास. मला वाईट वाटलं. पण लिहिलेलं मी मागे घेत नाही.

काल नवल आणि मोहिनी हॉटेलात आले. डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी होती, आणि पिशवीत तू पाठवलेली भाऊबीजेची साडी. जमीला भरीत बघून म्हणाली, आता जहाज बुडालं तरी चालेल.

नवल आल्या आल्या वाकला. पाया पडला आणि तसाच सवयीनं मला उचलायला हात पुढे केले, पलंगावर नीट बसवतो म्हणून. मी म्हटलं, "थांब. आधी विचार." त्यानं हात मागे घेतले. त्याचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाला, "आत्या, काही मदत करू का?" मी म्हटलं, "नको." आम्ही दोघंही हसलो, पण मोहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या आईनं तिला सगळं सांगितलेलं दिसलं.

मग मी त्या तिघांच्या देखत खुर्ची वळवली आणि न्हाणीघरात गेले. चाकं दाराला घासली नाहीत. आतून कडी लावली. भाऊ, परक्या गावात आपल्या हातानं कडी लावून बसण्यात काय सुख आहे, ते तुला कळायचं नाही, आणि कधी कळायची वेळ न येवो. हात धुऊन बाहेर आले आणि मोहिनीला म्हटलं, पाणी दे. तिनं दिलेला पेला संपवला, आणखी मागितला, तोही संपवला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

आता टॅक्सी खाली आली आहे. जमीला लिफ्टपाशी उभी राहून माझ्या नावानं ओरडतेय. थोडक्यात लिहिते.

साडी सुंदर आहे. पण ती मी नवलबरोबर परत पाठवली आहे. वहिनीला नेसू दे, तिला तो रंग शोभतो. रागानं पाठवलेली नाही. या वेळी मला साडी नको आहे, भाऊ. ओवाळणी मी मागणार आहे आणि तू ती देणार आहेस.

सोनगीरला गवंडी बोलाव. अंगणातल्या न्हाणीघराचा उंबरा काढ. दार चौतीस इंच कर, एक इंचही कमी चालणार नाही. कडी आतून, माझा हात पोचेल इतकी खाली. लोक विचारतील, एवढं मोठं दार कशाला, तर सांग, बहीण येणार आहे. जोरात सांग, जिन्यावर ओरडला होतास तसं.

ज्या दिवशी दार होईल, त्या दिवशी आपली भाऊबीज. पंचांग बघू नकोस. मी येईन, तुला ओवाळीन, मुक्काम करीन आणि तुझ्या घरचं पाणी पोटभर पिईन. नाही झालं, तर जळगावला माझ्या घराचं दार पहिल्यापासून रुंद आहे. तू ये, पोट आत न घेता ये. पण मग दर वर्षी तुलाच यावं लागेल.

जहाजावर जायचा उतार लांबलचक आहे म्हणतात. दमले तर मी थांबेन, आणि मदत हवी असली तर मागेन.

दोन पेले पाणी पिऊन निघालेली,
तुझी बहीण
कोकिळा