आप्पांच्या सोयाबीनच्या गोळ्या

२७ सप्टें. १९९९, तासगाव
आप्पांना जाऊन दोन दिवस. साताऱ्याहून आक्का आणि दाजी आले. दाजींची बॅग सोबत, सुतकातही. आत त्याच जपानी कॅप्सूल. सोयाबीन आंबवून काढलेला अर्क, रक्ताच्या गुठळ्या विरघळतात म्हणे. आप्पा उन्हाळ्यापासून घेत होते. दाजी म्हणाले, मामांनी उशिरा चालू केल्या. माणूस जगला की कॅप्सूलमुळे, गेला की उशिरामुळे. धंदा असावा तर असा.
आप्पा हसायचे. "आपलं सोयाबीन म्हशी खात्यात. जपानला जाऊन लय शहाणं झालं व्हय रं?" आणि गिळायचे. जावयाने दिलेलं परत कसं करायचं.

४ ऑक्टो.
दहावा. पितृपक्ष, कावळे गावभर जेवून सुस्त. पिंडाकडे एकही फिरकेना. मी हात जोडून म्हटलं, आईला सांभाळतो. काही नाही. चुलते विहिरीचा वाद मिटवतो म्हणाले. काही नाही. ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले. मग दाजी पुढे.
"मामा, मामींना तुमच्या गोळ्या चालू करतो. काळजी सोडा."
कावळा शिवला.
बायकांनी डोळे पुसले. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघतो तसं.

८ ऑक्टो.
आईने दाजींच्या कॅप्सूल चालू केल्या आणि रक्त पातळ करायची गोळी बंद केली. हृदयाची झडप बदललेली बाई. ऑपरेशननंतर डॉ.नी बजावलं होतं, ही जन्मभर चुकवायची नाही. आज मिरजेला जाऊन विचारलं. बंद केली तर झडपेवर गुठळी धरेल. कॅप्सूल सोबतही नको. घरी येऊन आईला सगळं सांगितलं.
"तुझ्या डाक्टरला कावळा शिवला न्हाई."
गोळी समोर धरली. तोंड मिटून बसली. कोयनेला माझ्या ऑफिसात फोन करून रजा वाढवली.

१० ऑक्टो., सातारा
काल मी बाजारात असताना दाजी आईला घेऊन गेले. हवापालट म्हणे. आज त्यांच्या घराला कुलूप. शेजारणीने मंगल कार्यालय दाखवलं.
आत कॅप्सूलवाल्यांचा मेळावा. स्टेजवर लाल खुर्चीत आई. दाजी माइकवर. दहाव्याची हकीकत चालली होती, एका कावळ्याचा थवा झाला होता. लोक टाळ्या वाजवत होते. नवरा जाऊन पंधरवडा, आणि आई त्या टाळ्यांना हात जोडत होती. समोर पहिल्या रांगेत आक्का, मान खाली घालून.
आमच्या घरात जावयापुढे कुणी आवाज चढवलेला नाही. मीही नाही. स्टेजवर चढलो.
"दाजी, बाजूला व्हा. आई, चल. मिरजेला जायचंय."
माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. दाजी हसले, लोकांना म्हणाले, "मेव्हणं दुःखात हायत."
आईचा हात धरला. गार लागला. तिने दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"चारचौघांत जावयाचा अपमान करतुयास व्हय रं?"
पण हात सोडवून घेतला नाही.