उजवीकडे उरलेली जागा

धरमपेठ, नागपूर. डिसेंबर १९४५, सोमवार संध्याकाळ

आज संख्याशास्त्राच्या वर्गात नॉर्मल वक्र झाला, घंटेसारखा. प्रोफेसर म्हणाले, एखाद्या रेघेच्या डावीकडचं सगळं क्षेत्रफळ म्हणजे तिथवर घडून जाण्याची संभाव्यता. रेघ कितीही उजवीकडे नेली तरी ती संभाव्यता एकाच्या अगदी जवळ जाते, पण एक होत नाही; उजवीकडे थोडं उरतंच. मला ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतलेलेच दिसत राहिले. ह्यांच्या पलटणीतले जवळजवळ सगळे डावीकडे, घरी आलेले. हे अजून नाहीत. उजवीकडे किती जागा उरली असेल? चिमूटभर?

सासूबाईंनी भात वाढताना विचारलं, "काय शिकवलं वं आज?"

"कितीही उशीर झाला तरी शक्यता शून्य होत नाही."

त्यांचा हात थांबला. "तुया प्रोफेसरले पक्कं माहीत आहे ना?"

मी हो म्हणाले. ते नुसत्या वक्राबद्दल बोलत होते, हे कसं सांगू?