डाव्या हाताची कात्री

मी, खाली सही करणारा, आयुष्यभर दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवणारा आणि निवृत्तीनंतर शिडाच्या जहाजांच्या छोट्या प्रतिकृती करत बसलेला म्हातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे हात कापतात, डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे काही मुलाच्या नावे होते, ते रद्द समजावे. बंदरात क्रेनची साखळी तुटली आणि मुलगा माझ्याआधी गेला.

१. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, सामानासकट माझ्या सुनेला द्यावे. बँकेतील शिल्लकही तिचीच. कारण लिहिण्याची गरज नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मला मात्र लिहायचे आहे, कारण माझा धाकटा भाऊ हे वाचणार आहे.

मुलगा गेल्यावर तो म्हणाला होता, "दादा, आता तिचं इथे काय राहिलंय? माहेरी पाठव तिला." ती समोरच कप उचलत होती. मी म्हणालो, "तिला जावंसं वाटेल तेव्हा जाईल." ती गेली नाही.

त्यानंतर घरात आम्ही दोघेच. बोलणे एवढेच, की "बाबा, जेवण वाढलंय." मी खिडकीशी बसून तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला दोर बांधायचो. हे दोर म्हणजे शिवणाच्या दोऱ्याहून बारीक. गाठ मारली की उरलेले शेपूट अगदी मुळाशी छाटावे लागते, आणि शेजारूनच दुसरा दोर ताणलेला असतो. त्याला पाते लागले की डोलकाठी कलंडते. हात कापू लागल्यावर हे माझ्याच्याने होईना.

एका दुपारी ती मागे येऊन उभी राहिली. "बाबा, ते टोक मी कापू का?"

मी तिला माझी चांगली कात्री दिली. दोरा कापला जाण्याऐवजी चावला गेला, पाते सरकले आणि शेजारचा दोर तुटला. डोलकाठी वाकली. तिने कात्री हलकेच खाली ठेवली.

"माझ्या हातून हे असंच होतं," ती म्हणाली. "शाळेत बाई म्हणायच्या, तुझे हातच वाकडे."

मी तिच्या हाताकडे पाहिले. डावा हात. साधी कात्री डाव्या हातात धरली की दाबाने पाती फाकतात आणि कापायची जागा पात्याआड लपते. "हात सरळ आहेत तुझे," मी म्हणालो, "कात्री उजवी आहे."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शस्त्रक्रियेची हत्यारे विकणाऱ्याकडे गेलो. त्याने वरच्या फळीवरून एक बारीक, टोकाशी वाकलेली, डावखुऱ्यांसाठीची कात्री काढली आणि तिच्या खोक्यावरची धूळ झटकली. "आजवर कुणी मागितलीच नाही," म्हणाला. सुनेने पर्समधला दोरा काढून तिथेच कापून पाहिला. टोक स्वच्छ आले. तिने पुन्हा कापला. मग आणखी. दुकानातल्या टेबलाच्या काचेवर दोऱ्याच्या तुकड्यांचा ढीग झाला तरी ती थांबेना. मुलगा गेल्यापासून तिला हसताना मी तिथे प्रथम पाहिले.

२. ती कात्री अर्थातच तिची. बाकीची हत्यारेही तिलाच द्यावीत. नखे छाटायची छोटी पक्कड अडचणीच्या जागी वापरावी. तिची पाती समोरासमोर मिळतात, त्यामुळे हात कोणताही चालतो. सुटी ब्लेडे लाकडासाठी ठेवावीत, ताणलेल्या दोरांजवळ नेऊ नयेत. गाठीवर आधी डिंकाचा थेंब टाकावा, तो वाळू द्यावा, मगच शेपूट छाटावे.

३. धाकट्या भावाला माझी जुनी कात्री द्यावी, पात्यावर खाच आहे ती. खाच त्यानेच पाडली. माझ्या डोळ्यांदेखत त्याने त्या कात्रीने विजेची तार कापली, आणि वर म्हणाला, "कात्री ती कात्री." त्याच्यावर माझा राग नाही असे लिहिले, तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल. मात्र कात्रीबरोबर वडिलांचे मनगटी घड्याळही त्याला द्यावे. ते त्याला लहानपणापासून हवे होते. वडील गेल्यावर त्याने मागितले नाही, हेही मी विसरलेलो नाही.

४. जहाज अजून पुरे झालेले नाही. तेही सुनेचेच.

त्याच्या मागच्या डोलकाठीचे दोर बांधताना, मान वर न करता ती एकदा म्हणाली, "त्या दिवशी सकाळी आम्ही भांडलो होतो, बाबा. मी त्यांच्याशी बोललेच नाही. ते तसेच गेले."

"तसाच नाही गेला," मी म्हणालो. "जिन्यात मला भेटला. म्हणाला, 'बाबा, आज लवकर येतो. तिला बाहेर नेतो, चूक माझीच आहे.'"

तिचा हात थांबला. "हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत."

"चूक कसली, ते तो बोलला नाही. तुम्ही भांडला होतात, हे मला कुठे माहीत होतं?"

ती खूप वेळ रडली. मीही रडलो. मग डोळे पुसून तिने उरलेले टोक छाटले. तेव्हापासून आमच्या घरात त्याचे नाव घेतले जाते.

माझ्यामागे जहाज पुरे करावे अशी माझी इच्छा कोणी तिच्यावर लादू नये. मन लागले तर करावे; नाहीतर तसेच राहू द्यावे.

५. सुनेने पुन्हा लग्न केले, तरी कलम एक जसेच्या तसे लागू राहील. हा मसुदा वाचून दाखवला तेव्हा ती चिडली.

"हे कशाला लिहिताय? मी कुठे जाणार आहे?"

"जाशील. जायलाच हवंस. पण जाताना या घराची किल्ली बरोबर ने. परत यावंसं वाटलं, तर कुणाला विचारायला लागू नये."

कलम ठेवले आहे.

हे सर्व पार पाडण्याचे काम वकीलबाईंनी करावे. मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. सून त्या वेळी घरात नव्हती. कायद्याला शंका नको म्हणून तिला बाहेर पाठवले होते. साक्षीदारांसाठी चहा मात्र तीच करून, झाकून ठेवून गेली.

सही: शेजारपाजारचे ज्याला जहाजवाला म्हणतात, तो मी
साक्षीदार: तळमजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)
ठिकाण: राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच