हातमोजे घालून दाबता न येणारा फोन आणि माझी मालमत्ता

लिहून ठेवणार: ताइस्तो कार्पिनेन, वय चौपन्न, राहणार ओउलू, फिनलंड, काम फोन तपासणीचं. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना शंका आहे आणि येत्या सोमवारी ते उघडून बघणार आहेत, म्हणून हा कागद आजच करतो. मला कुणी भरीस घातलेलं नाही. ते आजवर कुणाला जमलेलंही नाही.

१. विर्पी ही माझी एकुलती एक मुलगी. मी काहीही लिहिलं तरी कायद्याने अर्धा वाटा तिचा आहेच. उरलेला अर्धाही तिलाच द्यावा: हे घर, बँकेतली शिल्लक, तळ्याकाठची झोपडी आणि तिथली वाफ घ्यायची सौनाची खोली. सौनाची चूल डावीकडून पेटवावी, उजवीकडून पेटवली तर धूर कोंडतो. हे तिला माहीत आहे. पण सतरा महिने ती माझ्याशी बोललेली नाही, तेवढ्यात विसरली असेल.

२. बर्फाला भोक पाडायचं गिरमिट शेजारी वोइत्तोला देणार होतो. पण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. तेव्हा गिरमिटही विर्पीचंच. वोइत्तोने मासे धरायला मागून न्यावं आणि पातं पुसून परत करावं. पुसून म्हणजे कोरडं.

३. माझी अवजारं व्यवसाय शाळेला. मी स्वतः एकही शाळा पुरी केली नाही. चौदाव्या वर्षी बिघडलेला रेडिओ उघडला, माहितीपुस्तकं वाचत शिकलो. पदवीवाल्यांनी या अवजारांना हात लावायला हरकत नाही, फक्त जागच्या जागी ठेवावीत.

४. माझे लोकरी हातमोजे व्यवस्थापक हेइमोनेन साहेबांना. ते घालून, उणे पंचवीसमध्ये, बसथांब्यावर उभं राहून त्यांनी आमच्या त्या फोनवरून स्वतःच्या बायकोचा नंबर एकदा लावून दाखवावा. एकदाच.

५. तो फोन म्हणजे फोटो काढणारा, गाणी वाजवणारा, रेडिओ ऐकवणारा आमचा पहिला फोन. वजन १३७ ग्रॅम, जाडी २४ मिलिमीटर. नमुना माझ्याकडे आठ आठवडे होता. मी एकतीस पानांचा अहवाल लिहिला. कळा साडेचार मिलिमीटरच्या, आणि माझं बोट चौदाचं. गाण्यांचं कार्ड बॅटरीच्या खाली. गाणी बदलायची तर फोन बंद करा, बॅटरी काढा, आणि पुन्हा चालू केला की घड्याळ मध्यरात्रीचे बारा दाखवणार. बर्फावरच्या उन्हात पडदा काळा. बाहेरून उबेत आणला की भिंगाला आतून घाम, मग अर्धा तास सगळे फोटो धुक्यातले. चांगलंही लिहिलं आहे. पान ४: "बाहेरचं वळण हाताला फार बरं वाटतं." वळण विर्पीचं. ती आमच्याच कंपनीत फोनचे आकार ठरवायची.

६. नोव्हेंबर २००२ च्या बैठकीत अहवाल प्रत्येकापुढे ठेवला होता. हेइमोनेननी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" कुणी बोललं नाही. मीही नाही. एकतीस पानं लिहिल्यावर तोंडाने काय सांगायचं? कॉफी ओतली गेली, दालचिनीचे पाव संपले, फोन पास झाला.

बाहेर आल्यावर विर्पी म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"सगळं लिहिलं होतं."

"वाचलंय कुणी? मीसुद्धा अर्धंच वाचलं! तुम्ही तोंड उघडलं असतं तर मागून मी बोलणार होते."

"आणि मी तुझी वाट बघत होतो."

"धन्य आहे आपली! दोघं मिळून एक वाक्य बोलता येत नाही."

७. फोन दुकानांत गेला आणि परत येऊ लागला. सप्टेंबर २००३ ला पुन्हा बैठक झाली. हेइमोनेन म्हणाले, आकार चुकला. टेबलाभोवती सगळे कपात बघत राहिले. कार्ड बॅटरीखाली घालायचं हेइमोनेननी स्वतः ठरवलं होतं. तारखेसह पान १९ वर आहे. ते पान माझ्या पिशवीत होतं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी काढलं नाही. विर्पीचं काम गेलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "आज तरी, बाबा." ती आता ताम्पेरेला असते.

८. म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष लिहून देतो: फोन आकारामुळे पडला नाही. विर्पी कार्पिनेनची त्यात चूक नव्हती. हे त्या दिवशी बोलायला हवं होतं. बोललो नाही, ही चूक माझी. माझ्या पश्चात पान १९ ची नक्कल कंपनीच्या प्रत्येक संचालकाला द्यावी.

इथपर्यंतचा मजकूर साक्षीदारांना वाचायला दिला. तशी गरज नसते, पण न वाचलेल्या कागदावर सही झालेली मला चालत नाही. वोइत्तोने तीस वर्षं टपाल वाटलं आहे. तो चष्मा काढून म्हणाला, "अरे गाढवा, पोरगी जिवंत, तू जिवंत, आणि हे तिला कळायला तू मरायला हवंस?"

"मृत्युपत्र नंतरच वाचतात," मी म्हणालो.

"मग पत्र लिही. फोन कर. जन्मभर फोनच तपासलेस ना?"

दुसऱ्या साक्षीदार, ग्रंथालयातल्या सिर्क्काबाई, हळूच म्हणाल्या, "ताइस्तो, पुन्हा एकदा लिहून ठेवून गप्प बसताय तुम्ही."

म्हणून आणखी एक कलम घालतो.

९. कलम ८ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. पान १९ च्या नकला संचालकांना आजच्याच टपालाने जातील. या कागदाची एक प्रत विर्पीला जाईल, ती उद्या पोचेल. शनिवारी सकाळी दहाला मी तिला फोन करीन. ती उचलून काहीच बोलली नाही, तरी मी बोलेन.

ताइस्तो कार्पिनेन (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना त्यांनी आमच्यादेखत, शुद्धीवर आणि नेहमीइतकेच वैतागलेले असताना, सही केली. आम्ही त्यांचे नातेवाईक नाही.

वोइत्तो मॅत्ता, निवृत्त पोस्टमन (सही)
सिर्क्का इल्वोनेन, ग्रंथपाल (सही)

ओउलू, गुरुवार, १७ फेब्रुवारी २००५