राईतल्या ऐनाचा वासा

फाल्गुन शु॥ ३, शके १८५५
पारू, लिही. चार यत्ता शिकलीस, तरी चुलीवरचं दूध विसरतीस. पुढं हेच वाचून म्हणशील, आत्याबाई, असं झालंच न्हवतं. झालं. तुझ्या नवऱ्यानं, माझ्या थोरल्या धोंडीनं, धाकट्या रघूला कोयत्याच्या पाठीनं मारलं. देवाच्या राईतली वाळकी काडीबी कौल लावल्याबिगर कुणी उचलत न्हाई. रघूनं घराच्या वाशासाठी ऐनाचं उभं झाड पाडलं. कोयत्याच्या घावानं त्याच्या खांद्याचं हाड बाहेर आलं. माझं लुगडं रगतानं चिंब... रडू नको, शाई पसरती.

शु॥ ४
बैलगाडीतनं रघूला भोरच्या दवाखान्यात टाकलं. वाटेत शुद्धीवर आला. म्हणाला, "आई, देवाचा नेम लई वाईट. डोकं चुकलं, खांद्याला बसला."
धोंडी घरी गाढ झोपला. देवाचं काम केलं म्हणे. देव मानणारा सुखी का न मानणारा, दिवाळीपासून दोघांचा वाद. थोरला म्हणायचा, माझं ओझं देव वाहतो. धाकटा म्हणायचा, माझ्यावर ओझंच न्हाई. आता त्याला खांदाच न्हाई.

शु॥ ६
दवाखान्यात फौजदार आला. धोंडी दाराशी, तोंड राखेवानी. रघू म्हणाला, "झाड पडताना फांदी बसली. भाऊ तिथं न्हवताच."
फौजदारानं माझ्याकडं बघितलं. म्या पदर सारखा केला.
बाहेर धोंडी मातीत लोळला. देवानंच वदवलं म्हणाला, आन् लेकरावानी हसला. म्या आत जाऊन रघूला सांगितलं. तोबी हसला, पट्टी लाल होईस्तोवर. मग खोटं का बोललास, विचारलं. तोंड भिंतीकडं केलं.

शु॥ ७
फौजदारापासनं सुटला म्हणून धोंडीनं राईत नवसाचं बोकड कापलं. कोयता तोच. पहिला घाव निसटला, बोकड मान लोंबत राईभर पळालं. धोंडीनं मागं धावत जाऊन दुसरा घाव घातला.
डॉक्टर म्हणतात, रघूचा हात ठेवायचा का काढायचा, परवा बघू. धोंडी कालपासनं दवाखान्याची पायरी चढत न्हाई. देवानं माफ केलं म्हणतो. रघूला विचारलंस का, म्हनलं, तर उठून गेला.
पारू, उद्या रस्सा कर, तिखट बेताचं. तुकडे बारीक, हाडं काढून. भाकरी मऊ थाप. बोकड कशाचं, ते रघूनं विचारलं तर सांगायचं. आन् डबा तुझ्या नवऱ्याच्या हातनंच पाठव. घास भरवावा लागंल.