तिसरा ठिपका

प्रिय बाबा,

आत्याचा निरोप मिळाला. मोतीबिंदूच्या दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली, खाटेवर पडल्या पडल्या समोरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचता येतात, आणि डॉक्टरांच्या शर्टाचं एक बटण वेगळ्याच दोऱ्याने शिवलंय हे तुम्ही त्यांना तोंडावर ऐकवलंत म्हणे. म्हणजे स्वारी मूळ पदावर आली. बरं वाटलं. आता हे पत्र आत्याला वाचून दाखवायला सांगू नका, तुमचं तुम्हीच वाचा. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही आणि हे मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. पाकिटात तळाशी कागदाच्या पुडीत काहीतरी जड लागेल. ते एवढ्यात सोडू नका.

तुम्हाला राग येणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यातली शर्यतीची मोटरसायकल मी उघडली. हो, तीच, दादाची. सात वर्षं ती ताडपत्रीखाली ठेवली होतीत, विकली नाहीत, दुरुस्त केली नाहीत. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला हाताला धरून मागे न्यायचं, ताडपत्री उचलायची आणि इंजिनाला पडलेलं मुठीएवढं भोक दाखवायचं. म्हणायचं, हे आमच्या चिरंजीवांचं कर्तृत्व, वरचा गिअर टाकायचा सोडून भर वेगात खालचा टाकला. पुढे दारापाशी स्टुलावर दादा रॉकेलमध्ये साखळ्या धूत बसलेला असायचा, त्याला सगळं ऐकू जायचं. गिऱ्हाईक हसायचं. मीही हसले आहे एकदोनदा. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि इंजिनाचं काम तुम्ही त्याच्याऐवजी मला द्यावं अशी माझी फार इच्छा होती. दिलंतही. त्याचा पाना तुम्ही माझ्या हातात ठेवलात आणि लंगड्याने पुन्हा इंजिनाला हात लावायचा नाही असं सगळ्यांदेखत बजावलंत.

तर आता ती गाडी मला पुढच्या मोसमात पळवायची आहे. सुटे भाग निवडायला आपल्या स्पेअरपार्टवाल्या बोक्याला बोलावलं. तो नेहमीप्रमाणे दुकानात होतं तेवढं सगळं टेबलावर मांडून बसला आणि जे सर्वांत जहाल ते माझ्या गळ्यात मारायला लागला. पिस्टन दाखवले ते सर्वांत जास्त दाबाचे. तुम्ही असतात तर डोळे झाकून तेच उचलले असतेत. मीही उचलणार होते, तेवढ्यात दारापाशी साखळी घासता घासता दादा म्हणाला की एवढ्या दाबावर ते पंधरा मिनिटं छान पळतील आणि शर्यत वीस मिनिटांची आहे. मी एक पायरी खालचे घेतले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दांड्याचंही तेच झालं. बोक्याचा आवडता दांडा फक्त सरळ रस्त्यावर जोर देणारा, आणि आपल्या मैदानावर सरळ रस्ता आहेच किती? वळणातून बाहेर पडताना ओढ लागते. हेही दादाच म्हणाला, मान वर न करता. मग मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन नुसती त्याच्याकडे बघायला लागले. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा नव्या घेतल्या. फुटलेल्या कवचाच्या जागी एका भंगारातल्या गाडीचं चांगलं कवच मिळालं. पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड बोक्याने दोन तऱ्हेचे आणले होते, एक वजनाला हलके आणि दिसायला देखणे, दुसरे साधे पोलादाचे. हलके दर मोसमाला बदलावे लागतात. आपल्या घरात बदलायची वस्तू वेळेवर बदलली जात नाही, म्हणून पोलादाचे घेतले. बोका म्हणाला, मास्तरांपेक्षा, म्हणजे तुमच्यापेक्षा, तुझा दादा बरा निवडतो. मी त्याला चहा पाजला.

आता जुन्या भागांचं. नवे बसवायचे म्हणजे जुने बाहेर काढून बघावेच लागतात, तुम्हीच शिकवलंत. जगभरची इंजिनं उघडून तुम्ही लोकांच्या चुका काढल्यात, हे एकच इंजिन सात वर्षांत कधी उघडलं नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भर वेगात खालचा गिअर पडला तर इंजिन नको तेवढं पळतं, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत आणि पिस्टनच्या डोक्यावर आपटतात. तशी खूण दोन्ही सिलिंडरांत सापडायला हवी. एका सिलिंडरचा चुराच झालेला, तो सोडून द्या. दुसरा पिस्टन मी पुसून उन्हात धरला. त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही, म्हणजे खालचा गिअर पडलाच नव्हता.

मग तळाच्या घट्ट झालेल्या तेलात बोटं घालून रॉडचे बोल्ट शोधले. बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल, तुम्हाला नको, तरी लिहिते. रॉडचा बोल्ट आवळताना ताणला जातो, म्हणून तो दोनदाच वापरायचा असा तुमचा नियम. दर वेळी आवळला की तुम्ही टोकदार पंच ठोकून त्याच्या डोक्यावर एक ठिपका मारता. दोन ठिपक्यांचा बोल्ट बाद, तो टाकाऊच्या डब्यात. उभ्या आयुष्यात तुम्ही हा नियम मोडला नाहीत, मला तर पहिल्या दिवशी हाच शिकवलात. चारही बोल्टांवर तीन ठिपके आहेत, बाबा. एक मानेत तुटलाय. तिसरा ठिपका सगळ्यांवर वाकडा आहे, आणि तुटलेल्यावर तर तो दुसऱ्याच्या अंगावर अर्धा चढलाय. ज्याला पहिले दोन दिसत असतील तो माणूस असा ठिपका मारत नाही.

मी ते चार बोल्ट एका फडक्यावर ठेवून दादासमोर नेले. वाटलं होतं रडेल, नाहीतर पाना फेकून मारेल. त्याने रॉकेलचे हात पुसले, बोल्ट नीट ओळीत लावले आणि म्हणाला, "मला माहीत आहे." शर्यतीच्या सकाळी तुम्ही बेअरिंग बदलायला इंजिन उघडलं होतंत, तेव्हा तो क्रँक धरून बसला होता. नव्यांचा डबा आणि टाकाऊचा डबा शेजारी शेजारी होते, दोन्ही सारखे. तुमचा हात चुकीच्या डब्यात गेलेला त्याने पाहिला. मी विचारलं, मग तोंडात काय मूग भरले होते का? तो म्हणाला, "सगळे मेकॅनिक उभे होते. बाबांना दिसत नाही हे त्यांच्यासमोर कसं बोलणार? वाटलं, एक शर्यत निघेल." आठच दिवस आधी कुणीतरी मास्तरांना आता काठी द्या म्हणून थट्टा केली होती आणि तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. एवढ्यासाठी तो त्या गाडीवर बसला. दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा तुम्ही त्याच्या पायाचं विचारायच्या आधी कुठला गिअर टाकलास हे विचारलंत. तो म्हणाला, चुकून खालचा पडला. तेवढं तुम्हाला पुरलं.

आता पत्राचं कारण. दादाने मला शपथ घातली आहे की यातलं अवाक्षर तुमच्या कानावर घालायचं नाही, त्यांना सोसणार नाही म्हणतो. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे लिहायला बसले. तुम्हाला सोसू नये अशीच माझी इच्छा आहे. पुडी सोडा, खिडकीपाशी जा आणि ठिपके मोजा, डोळे चांगले झालेत म्हणून मुद्दाम तुटलेलाच पाठवलाय. नवे बोल्ट मी दादाला आवळायला दिले, त्यांच्यावरचा पहिला ठिपका त्याचा आहे. रविवारी तुम्ही याल तेव्हा तो इंजिन चालू करून दाखवेल आणि तुम्ही काय म्हणता याची वाट बघेल. चांगलं झालंय एवढंच म्हणा. पुढे एक शब्द नाही. माफी मागायला गेलात तर त्याला कळेल की तुम्हाला कळलंय, आणि तुम्हाला कळू नये या एका गोष्टीसाठी तो सात वर्षं तुमच्या शिव्या खात बसला आहे, ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. जेवताना रोज त्याच्या समोर बसायचं, तो उठताना टेबलाला हात टेकून उठतो ते बघायचं आणि गप्प राहायचं. त्याला जमलं, तुम्हालाही जमेल. आमटीत मीठ कमी झालं तर मात्र सांगा, तेवढं बोललेलं चालेल.

तुमचीच, तुमच्याच हाताखाली तयार झालेली,
धाकटी