कानाशी धरलेले कणीस

चिक्कडपल्ली, हैदराबाद
दि. ४ फेब्रुवारी २०२४

चि. शिवराज यास अनेक आशीर्वाद.

मी हिम्मतराव, वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा शेती, हल्ली मुक्काम मुलाकडे, खरे तेच लिहितो. तू पुतण्या असलास तरी कृषी सहायक या नात्याने विचारले आहेस. म्हणून उत्तरही रीतसर देतो.

तू कळवतोस की तुझ्या काकूने निवडलेल्या शेवटच्या बियाण्याची ज्वारी यंदा शेजारच्या वाणाशी मिसळली. कापणीपूर्वी आपली कणसे ओळखून काढली नाहीत, तर वाण संपला. संशोधन केंद्रातही दुसरे बी नाही. केंद्रातील केशवरावांनी निवडीची खूण विचारली आहे.

खूण मला ठाऊक नाही.

केंद्राच्या माहितीपत्रकात माझ्या नावाने छापलेले ‘भरीव कणीस, टपोरा दाणा’ हे मी केशवरावांना तोंडास आले ते सांगितले होते. निवड तारामती करीत असे. मी काढलेली भरीव कणसे ती मुकाट्याने बाजूस टाकी. केशवराव लिहून घेत असता ती एकदा म्हणाली, तसे नव्हे. मी तिला चहा टाकावयास सांगितले. चहा उत्तम झाला होता. त्या विषयात ती पुन्हा बोलली नाही. आता ती जाऊन सहा महिने झाले.

तुझा काका,
हिम्मतराव

मु. वडखेड, ता. देगलूर
दि. ९ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. काकांस शिवराजचा शि. सा. न. वि. वि.

पत्राची सुरुवात वाचून तुमची इकडची सून योगिनी हसली. म्हणाली, काकांनी तहसिलीत जबानीच दिली की, तिकीट तेवढं चिकटवायचं राहिलं. पुढचे वाचून मात्र तिने पत्र माझ्या हातात दिले आणि आत गेली. वीस वर्षे ते पत्रक मीच गावोगाव वाचून दाखवले, काका. आपल्या गावात वाचले, तेव्हा काकू मागे बसून ऐकत होत्या.

भागूबाईला गाठले. काकूंची टोपली तीच धरायची. ती सांगते, बाई कणीस कानाशी धरून हलवायच्या. एखादे टोपलीत टाकायच्या, एखादे सोडायच्या. काय ऐकू येतं, असे तिने विचारले होते. काकू म्हणाल्या, घरात कुणी विचारलं की सांगेन.

रागावू नका, पण या. चाळीस वर्षे शेजारी उभे होतात, आवाज ओळखाल. कानाचे मशीन विसरू नका, नाहीतर ज्वारीलाच मुकी म्हणाल.

लोभ आहेच, तो असू द्या.

आपला,
शिवराज

चिक्कडपल्ली, हैदराबाद
दि. २० फेब्रुवारी २०२४

चि. शिवराज यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. येथे सूनबाई तन्वीने विचारले, गावी काय केले. ज्वारी ऐकली, असे सांगितले. तिला थट्टा वाटली.

तू सोबत होतास, तरी लेखी राहावे म्हणून लिहितो. दि. १७ रोजी सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत मी कणसे कानाशी धरली. मशीन चालू होते. प्रत्येक कणीस वाजले. प्रत्येक सारखेच वाजले. टोपली रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी सरसकट कापणी करण्यास मीच सांगितले.

हे पत्र केशवरावांना दाखव. पत्रकातून माझे नाव काढावे, तारामतीचे घालावे आणि खुणेची जागा कोरी सोडावी.

लोभ ठेव. मागण्याचा हक्क राहिलेला नाही, तरी मागतो.

हिम्मतराव

शेतात समक्ष हजर:
शिवराज, कृषी सहायक.
योगिनी, त्याची पत्नी.
भागूबाई, जिने विचारले होते.